सालेकसाचे आठ

तर टायर फुटलं. बस, एवढंच झालं. पोत्यांनी ठासून भरलेल्या ट्रकचं मागचं टायर, गोंदियाच्या भर बाजारात, दुकानांची शटरं नुकती वर जात होती तेवढ्यात. आवाज असा की भजीवाल्याच्या हातातला झारा कढईत गेला, कबुतरं उडाली, एक म्हातारी जागच्या जागी खाली बसली. आणि आपला धनेंद्र पटले, चहाच्या टपरीवर कप धरून उभा, तो ना वाकला ना पळाला. त्याच्या डोक्यात एक वर्तुळ निघालं. खरंच सांगतो, कोणी कंपास फिरवावा तसं, ट्रकच्या जागी टोक रोवून. आत दोन कापडाची दुकानं, एक बँक, टीव्ही-फ्रिजचं मोठं दुकान, मागच्या गल्लीतलं तेलाचं गोदाम. पहिल्या कड्यात सगळंच जाईल, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात काचा, काचा सगळ्यात आधी. दुकानांना आपल्या कंपनीचा विमा आहे, बँकेला नाही, गोदामाचं रिन्यूअल राहिलंय. हे सगळं एका श्वासात. मग कोणीतरी ओरडलं, "अबे टायर हाय बे, टायर!" आणि अख्खा बाजार हसला, म्हातारीसुद्धा हसली, कबुतरं परत बसली, आणि तेव्हा, तेव्हा कुठे धनेंद्रला आठवलं की त्या वर्तुळात, दुसऱ्या कड्यात, बांगड्यांच्या दुकानात सोनिका बसलीय. त्याची बायको. सातवा महिना. त्यानेच तर तिला मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं.

तो गेला. धावत नाही, चालत गेला, कारण आता धावायला कारण नव्हतं, टायर होतं ना. बांगड्यावालीच्या मुठीत सोनिकाचा हात होता आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढत होत्या. "काय फुटलं जी?" तिने विचारलं. "टायर." "तुमी कुठं होता?" "इथंच. टपरीवर." सोनिकाने हात न हलवता त्याच्याकडे पाहिलं. "टपरी तं समोरच हाय. मंग इतका वेळ कायले लागला?" बांगड्यावाली हसली, म्हणाली, "अवं, चहा संपवून आले असतील, माणसंच ती." धनेंद्रही हसला. पण प्रश्न त्याच्या कॉलरमध्ये केसाच्या तुकड्यासारखा जाऊन बसला. न्हाव्याकडून आल्यावर टोचतो ना दिवसभर, दिसत नाही, सापडत नाही, तसा.

आता हे वर्तुळ त्याच्या डोक्यात आलं कुठून ते सांगतो. धनेंद्र विमा कंपनीच्या गोंदिया ब्रँचला होता, राइस मिल, गोदामं, दुकानं तपासून रिपोर्ट पाठवायचा. साधं काम. विजेची वायर कशी आहे, पाण्याची टाकी भरलेली आहे का, भुशाचा ढीग बॉयलरपासून किती लांब. पण अमेरिकेतल्या त्या दोन इमारती पडल्यावर परदेशातल्या बड्या कंपन्यांनी हात वर केले, दहशतवादाचं नुकसान आम्ही झेलणार नाही म्हणाल्या, म्हणून इथल्या कंपन्यांनी मिळून एक समाईक हौद केला, प्रत्येकाने त्यात आपली घागर ओतायची आणि आग लागली तर त्यातून घ्यायचं. दर सगळ्यांना सारखाच. पण एका ठिकाणी आपण किती अंगावर घ्यायचं, कुठे नाही म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यासाठी मुंबईत एक मॉडेल आलं, कॉम्प्युटरवर हिशेब करणारं. दोन हजार आठच्या नोव्हेंबरनंतर तर साहेब लोक त्या मॉडेलशिवाय जेवेनात. धनेंद्रला ट्रेनिंगला बोलावलं, थंडगार हॉलमध्ये पडद्यावर नकाशा, नकाशावर लाल ठिपका, ठिपक्याभोवती कडी. शिकवणारा म्हणाला, तीन गोष्टी. घाव केवढा, घावाच्या टप्प्यात उभं काय आहे, आणि असा घाव किती वेळा पडेल. पहिल्या दोन गोष्टींना गणित आहे. तिसरीला नाही. भूकंपाला मागची शंभर वर्षं आहेत, पुराला पावसाची मोजमापं आहेत, पूर काही पोलीस कुठे उभे आहेत ते बघून रस्ता बदलत नाही. माणूस बदलतो. म्हणून तिसऱ्या गोष्टीसाठी आम्ही जाणकारांना विचारतो, दहापैकी मार्क द्या. धनेंद्रला तेव्हा हे फार आवडलं होतं. दहापैकी मार्क! शाळेतल्यासारखं. पण तिकडून आला तो ती कडी घेऊनच. लग्नाला गेला की मंडपाभोवती कडं. रेल्वेच्या पुलावर थांबला की स्टेशनाभोवती कडं. एकदा तर सोनिका पोळ्या लाटत होती आणि त्याने पोळपाटावरच्या गोल पोळीत पहिलं, दुसरं, तिसरं पाहिलं, आणि ताटात आलेली ती पोळी त्याला खाववेना.

सोनिकाला तो बाजारातून घरी घेऊन आला. तिची बॅग दारात तयार होती, पिवळी, चेन बिघडलेली, नाडीने बांधलेली. संध्याकाळच्या गाडीने ती माहेरी जाणार. तिचे बाबूजी, शिवलालजी, घ्यायला येणार. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात विचारण्यासारखं काही नसतंच, सूर्य उगवणार का असं कोणी विचारतं का? माहेर सालेकसाच्या पुढे, जंगलाच्या काठाला. शिवलालजींची राइस मिल तिथेच, घराला लागून, घर आणि मिल यांच्यामध्ये एकच भिंत. आणि मिलच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, पोलीस चौकी. ती चौकी व्हावी म्हणून शिवलालजी किती वर्षं हेलपाटे घालत होते. झाली त्या दिवशी त्यांनी गावभर पेढे वाटले. धनेंद्र पहिल्यांदा मिल तपासायला गेला, तेव्हा तर लग्नही ठरलं नव्हतं, शिवलालजींनी छाती फुगवून सांगितलं होतं, "लिहा साहेब, ठाणं बाजूलेच हाय. चोराची काय टाप!" आणि धनेंद्रने लिहिलंही, चोरीच्या रकान्यात, शाबासकीसारखं. चोरीच्या हिशेबात चौकी म्हणजे ढाल. पण नव्या मॉडेलात चौकी म्हणजे तोच लाल ठिपका. आतवाले, म्हणजे जंगलातले बंदूकवाले, येतील तर चौकीसाठी येतील. मिल पहिल्या कड्यात. भिंतीपलीकडे घर. घरात, मधल्या खोलीत, खिडकीखाली, झाडून पुसून ठेवलेला पाळणा.

काल मुंबईहून मेल आली होती. मिलच्या रिन्यूअलला दहशतवादाचं संरक्षण देऊ नये. कारण, सालेकसा विभाग, शक्यता, दहापैकी आठ. रात्री तो झोपलाच नाही. आठ. दहापैकी आठ मिळाले तर शाळेत पेढे वाटतात. तो अंधारात सोनिकाचा श्वास ऐकत पडला आणि त्याला वाटलं मेलमधला तो इंग्रजी आठ हा आकडा नाही, दोन वर्तुळं आहेत, एकावर एक ठेवलेली, एक मोठं, एक लहान, मोठ्यात ती आणि लहानात पोटातलं बाळ. सांगावं तिला? सांगून काय सांगावं? कंपनीचा कागद, घरात बोलायचा नाही, ते एक. आणि दुसरं म्हणजे, बोललो की खरं होईल असं काहीतरी. दुपारी जेवताना त्याने वेगळ्याच वाटेने सुरुवात केली.

"म्या म्हणतो, इथंच राहा ना. दवाखाना जवळ हाय. डॉक्टरीन ओळखीची हाय."

"काऊन? रातभर कूस बदलून राहिले होते, हेच होतं का डोक्यात?"

"तिकडं रस्ता खराब हाय."

"रस्त्यानं नाई जात मी, रेल्वेनं जाऊन राहिली. आईनं लाडू बांधले, पाळणा झाडला. अन् तुमची आई असती तं गोष्ट वेगळी. इथं माह्या पाठीले तेल कोण लावल, तुमी?"

"लावीन ना."

सोनिका खळखळून हसली, मग एकदम थांबली. "खरं सांगा जी. कायले भेव वाटून राहिलं तुमाले?" तो भातात वरण कालवत राहिला. कालवलं, परत कालवलं. ती म्हणाली, "मी तिथं जन्मली. तिथंच मोठी झाली. तुमीच एक पाहुणे तिकडचे." आणि ताट उचलून आत गेली, बांगड्या वाजवत, नव्या बांगड्यांचा आवाज घराला अजून सवयीचा नव्हता.

ऑफिसात जाऊन त्याने मुंबईला फोन लावला. तिकडे भूमिका मॅडम होत्या, मॉडेल त्या बघायच्या, आवाज गोड आणि पाठीमागे कायम की-बोर्डची टकटक. धनेंद्रने आधी मिलचं विचारलं, मग पायऱ्या उतराव्यात तसं खाली खाली येत म्हणाला, "मॅडम, समजा एखादा माणूस, म्हणजे त्या घरात राहायला गेला, दोन-तीन महिने, तर त्याच्यासाठी आठ म्हणजे किती?" "माणूस?" टकटक थांबली. "माणूस आपल्याकडे नाही हो. आपल्याकडे इमारत, यंत्र, माल. माणसं लाइफवाल्यांकडे." त्याला कचारगडची, गोंडांची जत्रा आठवली. मागच्या वर्षी त्याने स्वतःच विचारलं होतं, गुहांपाशी एवढे लोक जमतात, पाय ठेवायला जागा नसते, त्याचं काय धरायचं? आणि उत्तर आलं होतं, तिथे विमा उतरवलेलं काय आहे? काही नाही. मग नुकसान शून्य. डोंगरभर माणसं, कडेवर लेकरं, पिवळे झेंडे, आणि शून्य. तेव्हा तो हसला होता बहुतेक. "मॅडम," तो म्हणाला, "मग हे आठ आलं तरी कुठून? कोण म्हणालं आठ?" "बघते हं. लोकल एक्स्पर्ट." टकटक. "गोंदिया ब्रँच. धनेंद्र गुणवंता पटले." आणि मग हसून, "तुम्हीच की!"

पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद उठत होते, बसत होते. धनेंद्रला आठवलं, सगळं, आणि आठवताना आधी आठवला तो त्याचा बाप. गुणवंता पटले, धानाचा दलाल, आता जाऊन पाच वर्षं झालेला. बैलबंडीवरच्या पोत्यात हात खुपसायचा, दोन दाणे तोंडात टाकायचा, दाढेखाली कट्. त्या कट् आवाजावरून धानात ओल किती ते त्याला कळायचं, यंत्राच्या आधी. आणि मग बोलायचा. दाढ म्हणायची चौदा, तोंड म्हणायचं, "अठरा हाय बाप्पा, अठरा!" शेतकरी डोक्याला हात लावायचा, "अजी कायचे अठरा, बारा हाय, घरी वाळवून आणलं." मग चहा यायचा. मग पोरांची चौकशी. मग सोळा, मग तेरा, आणि शेवटी दोघंही चौदावर यायचे आणि एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे, दोघांनाही पहिल्यापासून माहीत असायचं की चौदाच आहे. खोटं नव्हतं ते. कोणाला फसवणंही नव्हतं. पहिला आकडा म्हणजे आकडा नसतोच मुळी, या बसा म्हणणं असतं ते. चौदा आहे म्हणून पहिल्याच फटक्यात चौदा म्हणणारा माणूस एक तर वेडा नाही तर शिष्ट. धनेंद्र त्या गोणपाटांच्या वासात वाढलेला, त्याच्या हाडात ते होतं. मागे मुंबईहून जेव्हा मेल आली की आपल्या भागाला दहापैकी मार्क द्या, तेव्हा त्याला आतून वाटलं होतं चार. आणि त्याने लिहिलं आठ. कारण मुंबईवाले म्हणणारच, पटले, आठ जरा जास्त नाही का? मग मी म्हणेन सहा. ते म्हणतील तीन. आणि येऊ चारवर. त्याने तर उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर जाळला ते, बांबूची गंजी पेटवली ते. तो फोनची वाट बघत राहिला होता, किती दिवस. फोन आलाच नाही. आभाराची मेल आली. मुंबईने भाव केलाच नाही. आठ घेतले, यंत्रात टाकले, आणि ते तिकडून दशांश चिन्हं लावून, सुटाबुटात, त्याच्याच छातीवर येऊन बसले.

"मॅडम, सरासरी काढली असेल ना? बाकीच्यांशी?"

"त्या तालुक्याला तुम्ही एकटेच होता. बदलायचा असेल तर आज ऑफिस बंद व्हायच्या आत सांगा, मग फाइल लॉक होते. पण कारण लागेल हं. किती करू?"

किती करू. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? आठ नव्हतेच, चार होते, आपलेच होते, चला! पण फोन ठेवल्यावर तसं वाटेना. चार तरी कुठून आणले होते? बापाने निदान दाणा चावला होता. बाप कधी माल पाहिल्याशिवाय बोलला नाही, घरच्या लग्नात कोणी विचारलं तरी म्हणायचा, "माल पाहू, मंग बोलू." मी काय चावलं? मी ऑफिसात बसून, पंख्याखाली, चहा पीत. तिकडे जाऊन किती दिवस झाले? दिवाळीला गेलो होतो, जीपने, जंगलाच्या वळणावर रस्त्यात एक बांबू आडवा पडला होता. नुसता बांबू. ड्रायव्हर उतरला, बांबू बाजूला केला, बसला, आणि गावापर्यंत एक शब्द बोलला नाही. तो बांबू किती? दोन? नऊ? कोणाच्या गाडीतून पडला होता की कोणी ठेवला होता? कदाचित हाताने आठ लिहिले तेच खरे असतील आणि चार हीच माझी आशा असेल. आणि आता चार केले तर, कारण काय लिहू? बायको जातेय म्हणून? आणि आठच ठेवले तर, मग तिला गाडीत बसवणारा मी कोण? त्याने फोन उचलला, ठेवला, उचलला. खाली रस्त्यावर एक सायकलचं टायर फुस्स झालं आणि त्याने फोन खिशात घातला.

गोंदियाचं स्टेशन म्हणजे तुम्हाला माहीत आहे, चारही दिशांनी गाड्या. शिवलालजी आधीच आलेले, पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, हातात भाच्यासाठी घेतलेला चिवडा. "रामराम जवाईबापू! तोंड काऊन उतरलं? बायको चालली म्हणून? आमची मुन्नी काय पाकिस्तानात नाई चालली." सोनिका बाकावर बसली, पिवळी बॅग पायाशी. आणि धनेंद्रच्या तोंडून सगळं निघालं. कंपनीचा कागद, मॉडेल, कडी, चौकी, आठ. नाही निघालं फक्त एवढंच, की आठ कोणाचे. शिवलालजींनी ऐकलं. चौकीचं ऐकून त्यांचा चेहरा जरा पडला, पेढे आठवले असतील. मग ते चिवड्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आठ म्हणता?"

"हव."

"आठ लय झाले, बापू. कोण बोलला तो? कधी आला होता आपल्याकडं? म्या तीन म्हणतो."

धनेंद्रला हसावं की रडावं ते कळेना. हा फोन. हाच तो फोन, ज्याची त्याने वाट पाहिली होती. "सहा," तो म्हणाला, न ठरवता.

"अजी कायचे सहा! मागच्या साली एक पटाकासुद्धा नाई फुटला. चार. चारच्या वर एक दाणा नाई."

"चार," धनेंद्र म्हणाला. शिवलालजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि थाप पडली तसा धनेंद्र भानावर आला, सौदा झाला होता. चारला.

"झालं?" सोनिका बाकावरून म्हणाली. दोघं वळले. "झाला भाव? मी काय धानाचं पोतं हाय का जी, ओल काढून राहिले दोघं?" शिवलालजी खोकले. ती धनेंद्रकडेच बघत होती. "अन् इथं किती? तुमच्या गोंदियाचे किती मार्क?"

"दोन," तो म्हणाला.

"सकाळी त्या दोनातच बसली होती मी. आवाज झाला. मी पोटावर हात ठेवला अन् दाराकडं पाहून राहिली. म्हटलं, आता येतील. बांगड्यावालीनं तीन बांगड्या चढवल्या तोवर." ती उठून उभी राहिली. गाडी लागली होती. शिवलालजींनी बॅग उचलली, तिला हात दिला, आणि ती चढली, सावकाश, पायरीवर आधी उजवा पाय, मग दांडी, मग पोट सांभाळत डावा.

खिडकीशी तो उभा राहिला. काय बोलावं? सांगावं, की मी दुकानं मोजत होतो? की आठ माझेच होते? गाडी हलली. तिचा हिरव्या बांगड्यांचा हात गजावर होता, तो पुढे सरकला, अजून पुढे. खिशात फोन वाजायला लागला, मुंबई, ऑफिस बंद होत आलं असणार. त्याने फोन काढला आणि त्याच क्षणी यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, धाड्, मग धाड् धाड् धाड्, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोजचाच तो आवाज, गोंदियातल्या तान्ह्या पोरालाही ओळखीचा. वर्तुळ निघालं नाही. काचा नाहीत, कडी नाहीत, काही नाही. पाय धावत होते. कोणीतरी ओरडलं, "ओ भाईसाब!" दांडी हाताला लागली, गार, आणि तो आत होता, दारात, चप्पल एकच, छाती भात्यासारखी.

शिवलालजी सीटवरून अर्धे उठले. "जवाईबापू! तिकीट? कपडे?" डब्यातले दोघं-तिघं हसले. सोनिका हसली नाही. त्याच्या पायाकडे पाहिलं, एका चपलेकडे, मग तोंडाकडे, आणि खिडकीकडे सरकून तिने बाकावर जागा केली. फोन अजून वाजत होता. त्याने कानाला लावला.

"पटले, लॉक करतेय मी. किती करू? आठच ठेवू की बदलू?"

खिडकीबाहेर धानाची रिकामी शेतं मागे पळत होती, कापलेल्या खुंटांची, आणि लांब, अगदी लांब, जंगलाची काळी रेघ हळूहळू जाड होत होती. तिकडे काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. चार नाही, आठ नाही, काहीच माहीत नव्हतं.

"रकाना रिकामा ठेवा, मॅडम," तो म्हणाला. "आधी माल पाहतो, मंग बोलतो."

"रिकामा नाही ठेवता येत हो, सिस्टिम घेत नाही. हॅलो? पटले? हॅलो..."

पुढे रेंज नव्हती. तो सोनिकाशेजारी बसला. गाडी पुलावर चढली, खालून लोखंडाचा आवाज आला, आणि दोघांनी एकाच वेळी तिच्या पोटावर हात ठेवला.